कँटनच्या वेशीबाहेर

रॉबर्ट मॉरिसन हा चीनमध्ये गेलेला पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी. १८०७ च्या सप्टेंबरात तो कँटनला उतरला आणि १८३४ च्या ऑगस्टमध्ये तेथेच मरण पावला. मधली दोन वर्षे मायदेशी काढली ती सोडली तर पाव शतकाचा काळ त्याने कँटन आणि मकाव या दोन ठिकाणी घालविला. एवढ्या काळात परकीयांना कँटनच्या तटाच्या आत पाऊल टाकण्याची जी मनाई होती ती उठली नाही. ज्या नगरीत आपण धर्माचा संदेश घेऊन आलो ती नगरी त्याने पाहिली ती बहुतांशी नदीच्या काठावरून, वेशीच्या बाहेर उभे राहून. परक्या शहराविषयी मिशनऱ्यांनी स्वदेशी धाडलेली पहिली पत्रे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हटला पाहिजे. मूर्तिपूजा, गलिच्छ गल्ल्या, अज्ञान आणि अगणित आत्मे यांची वर्णने त्यांत ठरलेली असतात. मॉरिसनच्या पत्रांतही ती आहेत. परंतु त्याच्या बाबतीत ही पहिली छाप कशी बदलत गेली, कोणी बदलली आणि शेवटी तिचे काय झाले, ही हकिकत मात्र नेहमीच्या साच्यातली नाही.

मॉरिसन काही विद्वानांच्या कुळात जन्मलेला नव्हता. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थंबरलंड परगण्यात १७८२ साली तो जन्मला. बाप बुटांचे लाकडी कलबूत करणारा कारागीर होता आणि चौदाव्या वर्षी मुलगाही त्याच धंद्यात उमेदवार म्हणून लागला. दिवसाचे बारा-चौदा तास काम करून पहाटे आणि रात्री तो लॅटिन शिकला. पुढे लंडन मिशनरी सोसायटीने त्याला चीनसाठी निवडले. पण चीनला जायचे कसे? इंग्लंडहून कँटनला जाणारी जहाजे ईस्ट इंडिया कंपनीची, आणि कंपनीला धर्मप्रसारकांचे वावडे होते. चहाच्या व्यापारात विघ्न येईल अशी कोणतीही गोष्ट तिला नको होती. तेव्हा मॉरिसन आधी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेला आणि तेथून अमेरिकन जहाजाने निघाला. कँटनमधील अमेरिकन वकिलासाठी त्या देशाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांचे पत्र त्याच्या खिशात होते. न्यूयॉर्कच्या एका जहाजमालकाने त्याला हसत विचारले, चीनच्या एवढ्या मोठ्या साम्राज्यातील मूर्तिपूजेवर आपण काही परिणाम करू शकू असे तुम्हांला खरेच वाटते का? मला नाही, पण देव करील असे वाटते, या आशयाचे उत्तर मॉरिसनने दिले. ते उत्तर मिशनऱ्यांच्या चरित्रांत अजरामर झाले आहे. जहाजमालकाचा प्रश्न मात्र व्यवहारी होता, हे कँटनला पोचल्यावर लवकरच दिसून आले.

त्या काळी सबंध चीनमध्ये पाश्चात्त्यांना समुद्रमार्गे व्यापार करण्यास खुले असलेले बंदर कँटन हे एकच. तेही नावापुरते खुले. पर्ल नदीच्या काठी, शहराच्या तटाबाहेर, वखारींची एक रांग होती. इंग्रज, डच, अमेरिकन, डॅनिश, स्पॅनिश अशा नाना निशाणांच्या या वखारी सुमारे तीनशे मीटरांच्या काठावर दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यांच्यामधून दोन-तीन गल्ल्या जात. त्यांतल्या एकीला खलाशांनी ‘हॉग लेन’ म्हणजे डुकरांची गल्ली असे नाव दिले होते. तेथे त्यांना तांदळाची जहाल दारू मिळे. व्यापाराचा हंगाम संपला की सर्व परकीयांनी मकावला निघून जायचे. बायकांना वखारीत आणायचे नाही. पालखीत बसायचे नाही. चिनी अधिकाऱ्यांशी परस्पर बोलायचे नाही. जे काही सांगायचे ते सरकारमान्य ‘हाँग’ व्यापाऱ्यांमार्फत, आणि जे काही समजून घ्यायचे ते सरकारमान्य दुभाष्यांकडून.

या दुभाष्यांना परभाषा येत असे असेही नव्हे. इंग्रजीचे मोडके शब्द चिनी वाक्यरचनेत बसवून तयार झालेली एक बाजारबोली तेथे चाले. ‘बिझनेस’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन तिला ‘पिजिन’ हे नाव पडले. तिच्यात पोर्तुगीज शब्द होते, मलायी होते आणि आपल्याकडचेही होते. नाणे पारखणाऱ्याला तेथे ‘श्रॉफ’ म्हणत, तो आपला सराफ. चिठ्ठीला ‘चिट’ आणि हमालाला ‘कुली’. चिनी अधिकाऱ्याला सारे जग ज्या ‘मँडरिन’ शब्दाने ओळखते तो तर मूळचा आपला ‘मंत्री’, मलाया आणि पोर्तुगाल अशी वळसे घेत तेथे पोचलेला. हे शब्द हवेतून गेले नव्हते. मुंबईचे पारशी व्यापारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कँटनला जात होते, आणि जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या तरुणपणी चीनच्या ज्या सफरी केल्या त्यांतूनच त्यांच्या पुढच्या संपत्तीचा पाया घातला गेला. मुंबईहून तेथे कापूस जाई आणि माळव्याची अफूही जाई. या बाजारबोलीत मिशनऱ्याला जे नाव होते त्याचा शब्दशः अर्थ ‘देवाचा धंदा करणारा माणूस’ असा होतो. कँटनच्या लोकांनी आपल्या अनुभवाप्रमाणे ते दिले होते. तेथे आलेला प्रत्येक गोरा माणूस कसला ना कसला धंदाच करीत असे.

मॉरिसनची पहिली छाप प्रथम कानांवर उमटली. नदीत माणसे जन्मतात, संसार करतात आणि मरतात अशा हजारो होड्या. त्यांवरील नावाड्यांचा कोलाहल. काठावर देवांपुढे जळणाऱ्या उदबत्त्या आणि कागद. एवढ्या बुद्धिमान आणि कसबी लोकांना आपण काय आणि कसे सांगणार, या विचाराने तो खचल्यासारखा झाला. दुसरी छाप उमटली ती खिशावर. अमेरिकन वखारीत त्याला आसरा मिळाला, कारण इंग्रज म्हणून राहण्याची सोय नव्हती. परंतु राहण्याचा, जेवणाचा, नोकरांचा खर्च पाहून त्याचे धाबे दणाणले. लंडनहून मिळणारी रक्कम या शहरात पुरणार नाही, आणि आपण येथे आलो म्हणजे श्रीमंतच असलो पाहिजे अशी प्रत्येक चिनी माणसाची समजूत आहे, अशी तक्रार त्याच्या सुरुवातीच्या पत्रांतून दिसते. धर्मप्रसारकांच्या चरित्रकारांना ही जमाखर्चाची पाने फारशी आवडत नाहीत. वास्तविक परक्या शहराची खरी ओळख तेथूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट त्याला कंपनीचे भाषांतरकार सर जॉर्ज स्टाँटन यांनी सांगितली. परकीयाला चिनी भाषा शिकविणाऱ्या चिनी माणसाला देहान्ताची शिक्षा होऊ शकते. ही नुसती धमकी नव्हती. १७५९ साली जेम्स फ्लिंट नावाच्या कंपनीच्या दुभाष्याने कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार घेऊन थेट उत्तरेला त्येन्त्सिनपर्यंत जाण्याचे धाडस केले. बादशहा चियेनलुंग याच्यापर्यंत अर्ज पोचला. चौकशी झाली, काही अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. पण फ्लिंटला तीन वर्षे मकावला अटकेत ठेवण्यात आले, आणि त्याचा अर्ज चिनी भाषेत लिहून देण्यास मदत करणाऱ्या लिऊ याबिआन या माणसाचा शिरच्छेद करण्यात आला. अर्ज करणारा गोरा पुढे घरी गेला, लिहून देणाऱ्याचे डोके गेले. हा न्याय चीनपुरता होता असे मानण्याचे कारण नाही. परकीय आणि एतद्देशीय यांच्या संयुक्त अपराधात शिक्षेची वाटणी बहुधा अशीच होत आलेली आहे.

अशा परिस्थितीत नवख्या माणसाला जे सुचते तेच मॉरिसनला सुचले. त्याने वेश बदलला. वखारीच्या तळमजल्यावरील कोठारवजा खोलीत तो राहू लागला. चिनी झगा, जाड तळव्यांचे चिनी जोडे, वाढविलेली नखे आणि पाठीवर वेणी. चिनी अन्न चिनी काड्यांनी, आपल्या शिक्षकाबरोबर बसून. आपण त्यांच्यासारखे दिसलो, त्यांचे खाल्ले, म्हणजे त्यांच्यात मिसळू, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. हिशेब चुकला. प्रकृती ढासळली हे एक; आणि वेणी घातलेला गोरा माणूस वखारीच्या आवारात अधिकच उठून दिसू लागला हे दुसरे. ज्याला कोणाच्या डोळ्यांवर यायचे नाही त्याने इतर परकीयांसारखे दिसावे हेच शहाणपणाचे, हे ओळखून त्याने थोड्याच दिवसांत वेणी कापली आणि पांढरे जाकीट व गवती टोपी घालणे सुरू केले. सतराव्या शतकाच्या आरंभी मदुरेत रॉबर्ट दे नोबिली या जेझुइटाने भगवी वस्त्रे धारण केली होती आणि पेकिंगमध्ये मात्तेओ रिचीने चिनी पंडितांचा झगा घातला होता. पण त्या दोघांना ज्या समाजात मिसळायचे होते तो समाज त्यांच्याभोवती होता. मॉरिसनच्या भोवती होते वखारीचे नोकर, हमाल आणि हिशेबनीस. पोशाख पाहायला शहरच समोर नव्हते.

मग उरली भाषा. येथून पुढची कथा मॉरिसनइतकीच किंवा थोडी अधिक त्याच्या शिक्षकांची आहे.

पहिला धडा त्याला लंडनमध्येच मिळाला होता. तेथे योंग सामताक नावाचा कँटनचा एक तरुण त्याला चिनी शिकवीत असे. त्याने कागदावर काही अक्षरे काढून दिली. मॉरिसनने ती पाठ केली आणि काम झाले म्हणून कागद शेकोटीत टाकला. योंग संतापला, तीन दिवस त्याने शिकविणे बंद ठेवले. लिहिलेले अक्षर जाळायचे? पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून कपाळी लावणाऱ्या आपल्या वाचकांना योंगचा राग समजावून सांगण्याची गरज नाही. मॉरिसनला मात्र तो नवा होता. त्यानंतर योंग पत्र्याच्या तुकड्यावर अक्षरे लिहू लागला, म्हणजे ती पुसता यावीत आणि विटंबनाही होऊ नये. मूर्तीपुढे जळणारा कागद पाहून हळहळणाऱ्या या पाहुण्याने स्वतःच्या हाताने जो कागद जाळला होता त्यात एका माणसाला पावित्र्य दिसत होते, ही गोष्ट त्याला कँटनला पोचण्यापूर्वीच कळली होती. ती त्याच्या पुढच्या चाळीस पत्रांतील मतांपेक्षा मोलाची ठरली.

कँटनमध्ये स्टाँटनच्या ओळखीने त्याला जो शिक्षक मिळाला तो पेकिंगकडचा कॅथलिक होता. तेथील पाद्र्यांकडून लॅटिन शिकलेला, आबेल युन नावाचा. म्हणजे प्रॉटेस्टंट धर्माच्या पहिल्या प्रचारकाला चिनी भाषेचे दार उघडून दिले ते रोमच्या अनुयायाने. आणि दोघांमधला दुवा होता तो प्राचीन रोमची भाषा. लंडनहून निघताना मॉरिसनने ब्रिटिश म्यूझियममधील शुभवर्तमानाच्या ज्या चिनी हस्तलिखिताची नक्कल करून आणली होती तेही एका फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्याचेच काम होते. मकावचे पोर्तुगीज पाद्री त्याला शत्रू मानीत होते, पण त्याच्या कामाचा पाया त्यांच्याच पंथबांधवांनी घातलेला होता. पुढे आणखी शिक्षक आले. त्यांतल्या को आडनावाच्या पंडिताने वर्षानुवर्षे त्याच्याजवळ बसून कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचा अर्थ उलगडून दाखविला. हे सारे शिकविणे बंद दाराआड, खिडक्या झाकून चालायचे. एक शिक्षक जवळ विष बाळगीत असे असे सांगतात. पकडले गेलोच तर छळापेक्षा मरण बरे म्हणून. मॉरिसनच्या अखेरच्या काळात आलेल्या वेल्स विल्यम्स या अमेरिकन मुद्रकाच्या शिक्षकाची युक्ती सौम्य होती. तो मेजावर एक परदेशी जोडा ठेवून बसे. कोणी आलेच तर आपण जोडे बनविणारे कारागीर आहोत असे सांगता यावे! कलबूत करणाऱ्याच्या मुलाने उघडलेल्या या शाळेत हा जोडा शोभून दिसला असता.

हे लोक जीव धोक्यात का घालीत होते? पगार हे एक उत्तर, आणि ते खोटे नाही. परीक्षेत नापास झालेल्या, घरी तोंडे पुष्कळ असलेल्या सुशिक्षितांची कँटनमध्ये वाण नव्हती. पण केवळ पैशासाठी माणूस विषाची पुडी बाळगून रोज कामावर येत नाही. आपली भाषा, आपले ग्रंथ कोणी जिवाभावाने शिकू पाहत आहे हे पाहून शिकविणाऱ्याला जी एक भूल पडते तिचाही त्यात वाटा असला पाहिजे. शिक्षकी पेशातील वाचकांना ती ओळखता येईल.

१८०८ च्या अखेरीस इंग्रज आणि चिनी अधिकारी यांच्यातील तंट्यामुळे कँटनमधील वास्तव्य अशक्य झाले आणि मॉरिसन मकावला गेला. आता चीन सोडावाच लागणार अशी वेळ आली होती. २० फेब्रुवारी १८०९ रोजी त्याने मेरी मॉर्टनशी विवाह केला, आणि त्याच दिवशी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला वर्षाला पाचशे पौंडांवर चिनी भाषांतरकार नेमले. ज्या कंपनीने जहाजावर घेण्यास नकार दिला होता तिला दोन वर्षांनी त्याच्यावाचून चालेनासे झाले. कारण चोरून का होईना, भाषा येणारा दुसरा माणूस तिला सहज मिळत नव्हता. मॉरिसनला राहण्याचा परवाना आणि पोटाची सोय मिळाली. किंमतही द्यावी लागली. हंगामात वखारीत राहायचे तर पत्नीला मकावलाच ठेवणे भाग. म्हणजे वर्षातले सहा महिने संसार दोन गावी. पहिले मूल जन्मतःच गेले. त्या प्रॉटेस्टंट अर्भकाला मकावच्या कॅथलिक दफनभूमीत जागा मिळेना, म्हणून एका टेकडीवर पुरावे लागले. १८२१ मध्ये मेरी पटकीने वारली. तिला बाळाशेजारी पुरायचे तर चिन्यांनी हरकत घेतली. तेव्हा कंपनीने एक जमिनीचा तुकडा विकत घेतला. मकावची जुनी प्रॉटेस्टंट दफनभूमी ती हीच. परक्या शहराविषयी माणसाचे जे काही मत होते ते शेवटी तेथील बाजारावरून किंवा देवळांवरून नव्हे, तर आपल्या मेलेल्या माणसाला त्या शहराने किती जागा दिली यावरून होत असावे.

दरम्यान काम चालू होते. १८१२ साली बादशाही हुकूम निघाला की चिनी भाषेत ख्रिस्ती पुस्तके छापणाऱ्याला देहदंड द्यावा. मॉरिसनने त्या हुकुमाचे इंग्रजी भाषांतर करून लंडनला पाठविले आणि आपले मुद्रण पुढे चालू ठेवले. पुन्हा तेच: हुकूम त्याच्याविरुद्ध, पण लाकडी ठसे कोरणारे हात चिन्यांचे. १८१४ मध्ये ‘नवा करार’ छापून झाला. ही बातमी लागताच कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी त्याला बडतर्फ करण्याचे फर्मान काढले. कँटनच्या अधिकाऱ्यांनी ते बासनात गुंडाळून ठेवले, कारण त्याच्याविना त्यांचे पान हलत नव्हते. चिनी व्याकरण छापण्यास मात्र कँटन किंवा मकाव कामास आले नाही. ते १८१५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला छापले गेले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण दहा वर्षांपूर्वी जेथून बाहेर पडले होते तोच हा छापखाना. त्याच वर्षी मकावला मॉरिसनच्या चिनी-इंग्रजी कोशाचा पहिला भाग निघाला. १८२३ पर्यंत सहा खंड पूर्ण झाले. ४७ हजारांवर अक्षरे असलेल्या कांग्शी बादशहाच्या कोशाचा आधार घेऊन, वखारीच्या खोलीत बसून एका माणसाने केलेले हे काम आहे. कंपनीने त्यावर दहा-बारा हजार पौंड खर्च केले.

हा कोश चाळणाऱ्याला एक विलक्षण गोष्ट दिसते. तो नुसता शब्दार्थ देत नाही. एखाद्या अक्षराखाली परीक्षापद्धतीची सविस्तर माहिती येते, एखाद्याखाली विवाहविधी, एखाद्याखाली एखाद्या तत्त्वज्ञाचे चरित्र. वेशीच्या आत जाता आले नाही म्हणून त्याने शहर अक्षरांत शोधले. सुरुवातीच्या पत्रांतील ‘अज्ञानी जनसमूह’ या पानांतून हळूहळू नाहीसा होतो आणि कायदा असलेला, ग्रंथ असलेला, आपसांत वाद घालणारा समाज दिसू लागतो. अर्थात त्याची धर्मश्रद्धा तसूभरही ढळली नाही, आणि चिनी धर्म खोटे आहेत हे मतही त्याने सोडले नाही. बदलला तो तपशील. परंतु तपशील बदलल्यावर मत पूर्वीसारखे जोरात मांडता येत नाही, ही त्यातली अडचण आहे.

एकदा त्याला चीनच्या अंतर्भागात प्रवास करता आला. १८१६ मध्ये लॉर्ड अ‍ॅमहर्स्टच्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून तो पेकिंगकडे गेला. बादशहापुढे भुईला डोके टेकण्यावरून बोलणी फिसकटली आणि वकिलात भेटीविना परतली. परतीचा प्रवास मात्र काही महिने नद्या आणि कालव्यांतून, गावांमागून गावे ओलांडीत झाला. १८१७ च्या पहिल्या दिवशी तो कँटनला पोचला आणि पुन्हा वखारीच्या त्याच खोलीत जाऊन बसला. सारा देश ओलांडून आला तरी समोरची वेस बंदच होती.

धर्मांतराच्या बाबतीत जहाजमालकाचा प्रश्न खरा ठरला असे म्हणता येईल. पहिला बाप्तिस्मा सात वर्षांनी, १८१४ मध्ये, मकावच्या समुद्रकाठी एका झऱ्यावर झाला. आणि पाव शतकातील एकूण संख्या दहाबाराच्या आसपास. पण त्याच्या कामाचे परिणाम मोजायचे तर या यादीचा उपयोग नाही. ठसे कोरणाऱ्या लिआंग फा नावाच्या कारागिराला मॉरिसनचा सहकारी विल्यम मिल्न याने १८१६ मध्ये दीक्षा दिली. या लिआंगने १८३२ साली एक धर्मपुस्तिका लिहिली आणि कँटनमध्ये सरकारी परीक्षेला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती वाटली. तिची एक प्रत वारंवार नापास होणाऱ्या हुंग श्यूच्युआन या उमेदवाराच्या हाती पडली. काही वर्षांनी त्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत असे त्याच्या मनाने घेतले. १८५० ते १८६४ या काळातील तायपिंग बंड ते हेच. त्यात दोन कोटींहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. त्या बंडाची मुळे दुष्काळात, जमीनदारीत आणि मांचू राजवटीच्या दुबळेपणात होती, एका पुस्तिकेत नव्हती. तरी तटाबाहेरची ती पुस्तिका तटाच्या आत काय होऊन गेली हे पाहिल्यावर मिशनऱ्यांच्या आकडेवारीकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे लागते.

कोशाचेही तसेच. धर्मग्रंथासाठी मिळविलेली भाषा आधी चहाच्या हिशेबाला आणि मग तोफांच्या कामाला आली. मॉरिसनच्या मागून आलेला कार्ल ग्युट्झलाफ हा मिशनरी १८३२-३३ मध्ये अफूच्या जहाजावर दुभाषी म्हणून किनाऱ्या-किनाऱ्याने फिरला; एका बाजूने अफूच्या पेट्या उतरत, दुसऱ्या बाजूने धर्मपुस्तिका. मॉरिसनचा मुलगा जॉन रॉबर्ट बापाच्या जागी भाषांतरकार झाला आणि पहिल्या अफूयुद्धात इंग्रजांचा दुभाषी म्हणून राहिला. १८४२ च्या नानकिंग तहाच्या वाटाघाटींत त्याचा शब्द इंग्रजांच्या बाजूने चिनी भाषेत पोचत होता. मॉरिसनने हे इच्छिले असते काय, हा प्रश्न सोपा नाही. तो कंपनीचा पगार घेत होता. ती कंपनी कलकत्त्याला अफूचे लिलाव करीत होती आणि त्यातून येणाऱ्या पैशावर कँटनचा चहा खरेदी होत होता. कोशाच्या छपाईचा खर्चही त्याच तिजोरीतला. त्याची निष्ठा आणि श्रम यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण विष बाळगून शिकविणाऱ्या माणसाने जे दिले ते कोणाच्या हाती जाणार आहे याचा हिशेब, शिकणाऱ्याने तरी, कधी मांडल्याचे दिसत नाही.

१८३४ मध्ये कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपली. ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या लॉर्ड नेपियरने मॉरिसनला वर्षाला तेराशे पौंडांवर आपला चिनी चिटणीस नेमले आणि मिशनऱ्याचा अंगरखा उतरवून राजाची बटणे असलेला सरकारी कोट घालण्यास सांगितले. तो कोट त्याने फार दिवस घातला नाही. ऐन जुलैच्या उन्हापावसात उघड्या होडीतून कँटनला आलेला मॉरिसन १ ऑगस्ट रोजी वखारीतच वारला. वय ५२. त्याचे शव नदीमार्गे मकावला नेऊन मेरीशेजारी पुरण्यात आले.

कँटनची वेस नानकिंगच्या तहानंतरही उघडली नाही. नगरवासीयांनी परकीयांना आत येऊ देण्यास कडवा विरोध केला, आणि १८५७ च्या अखेरीस इंग्रज-फ्रेंच तोफखान्याने तटावर मारा करीपर्यंत तो टिकला. नदीकाठच्या वखारी तर त्याच्या आदल्या वर्षीच जळून खाक झाल्या होत्या. शिक्षकांवरील मनाई मात्र आधीच उठली. १८४४ साली मकावजवळच्या वांगशिया गावी चीन आणि अमेरिका यांच्यात झालेल्या तहातील अठराव्या कलमान्वये अमेरिकनांना चिनी पंडित पगारावर ठेवून भाषा शिकण्याची आणि चिनी पुस्तके विकत घेण्याची मुभा मिळाली. लिऊ याबिआनचा शिरच्छेद होऊन त्या वेळी पंचाऐंशी वर्षे झाली होती.